मदत हवी आहे: कोर्ट एक, कोच एक आणि पोरं चाळीसच्या वर

नमस्कार मंडळी. हायस्कूलच्या मुलामुलींसाठी एक दिवसाचं बास्केटबॉल शिबिर ठरतंय. एका कॉलेज टीमचे कोच येणार आहेत, तेही मानधन न घेता. त्यामुळे त्यांचा वेळ फुकट जाऊ नये, एवढीच धास्ती.

सगळ्यांना एकदम उतरवलं तर निम्मी पोरं रांगेत गप्पा ठोकणार, हे लिहून देतो. म्हणून गट पाडून फिरवायचे म्हणतोय: एका बास्केटखाली लेअप (धावत जाऊन जवळून बॉल बास्केटमध्ये टाकणं), दुसऱ्या बाजूला पिव्हट (एक पाय रोवून वळणं) आणि चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी दिलेला पास), मधल्या पट्ट्यात डिफेन्सचं फूटवर्क, तिथे बास्केट लागतच नाही. पण कोचना एकाच ठिकाणी उभं करावं की सगळीकडे फिरतं ठेवावं? फिरते ठेवले तर कुणालाच धड शिकवून होणार नाही अशी भीती वाटते.

दुसरं, मुलींचा बॉल 6 नंबरचा, म्हणजे जरा लहान, मुलांचा 7. मिश्र गटात तुम्ही काय करता? आमचे पीटीचे सर म्हणतात, '7 नेच भागवू.' मला नाही पटत.

शाळेच्या टीममधली पोरं आणि अगदी नवखी वेगळी ठेवावीत का? आणि पालकांच्या संमतीपत्रात दुखापतीबद्दल नेमकं काय लिहून घेता? कुणाकडे नमुना असेल तर कृपया पाठवा.