पेगन लोकांचा ‘देव’ : देव, देवता की दैवत?

विचारणा
युरोपातल्या आधुनिक पेगन पंथांवरचा (ख्रिस्ती धर्माआधीचे जुने देव पुन्हा पुजणाऱ्यांवरचा) एक लेख मराठीत आणते आहे. ‘डीइटी’ (देव किंवा देवी) हा इंग्रजी शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी अर्थ बदलतो. विक्का या पेगन पंथातल्यांचा एक शिंगं असलेला देव आणि एक देवी. आइसलंडमध्ये ओडिन, थॉर, फ्रेया असे जुने नॉर्स देव कितीतरी. त्यातही कुणाच्या मते हे खरेखुरे, वेगवेगळे. कुणाच्या मते एकाच शक्तीची रूपं. कुणी तर म्हणतं की हे सगळं मनातलं. सरसकट ‘देवता’ वापरलं तर चालेल? आणि ‘पेगन’ला ‘मूर्तिपूजक’ म्हणू का?

प्रतिसाद १
‘मूर्तिपूजक’ नकोच. यातले कित्येक जण मूर्तीशिवाय, उघड्यावर, झाडाखाली विधी करतात. शिवाय तो शब्द मिशनऱ्यांच्या तोंडचा वाटतो. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे मुळात खेड्यातला माणूस (आपला ‘गावंढळ’ म्हणा हवं तर). पुढे ‘सैन्यात नसलेला’ असाही अर्थ आला. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी तो ‘आपल्यातला नव्हे’ अशा अर्थानं उचलला. दोन्हींपैकी कुठल्या अर्थावरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आपल्याकडे ‘पाखंड’चं असंच झालं. अशोकाच्या गिरनारच्या लेखात ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं राजा सांगतो. नंतर त्याची शिवी झाली. फरक एवढाच की पेगनांनी ती शिवी आज स्वतःहून नाव म्हणून लावली आहे. तेव्हा भाषांतर करू नका, ‘पेगन’च ठेवा.

प्रतिसाद २
‘देवता’ सरसकट चालणार नाही, आणि कारण व्याकरणातच आहे. शब्द स्त्रीलिंगी. ‘थॉर ही देवता बोकडांच्या रथातून जाते’ असं लिहिलंत की तो दाढीवाला हातोडेबहाद्दर वाक्याच्या शेवटी बाई होतो! नाव घेऊन बोलताना देव किंवा देवी, आणि कल्पनेबद्दल बोलताना ‘दैवत’ लिहा. ते नपुंसकलिंगी असल्यामुळे अडचण येत नाही.

गंमत म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतही देवांसाठीचा ‘गोध’ हा शब्द नपुंसकलिंगी होता. ख्रिस्ती देव आल्यावर त्याच्यासाठी तोच शब्द पुल्लिंगी झाला. आणि ‘ट्यूर’ या नॉर्स देवाचं नाव आपल्या ‘देव’ शब्दाचंच सख्खं भावंड आहे, लॅटिन ‘देउस’सुद्धा. ग्रीक ‘थेओस’ मात्र दिसायला सारखा असूनही या घरातला नाही.

प्रतिसाद ३
लिंगाचं ठीक, पण खरी अडचण पुढे आहे. इंग्रजीत या मंडळींचे ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असे बहुदेववादी करतात. ‘कठीण बहुदेववाद’ लिहिलंत तर वाचक परीक्षेचा विषय समजेल. सरळ ‘देव वेगवेगळेच मानणारे’ आणि ‘एकाचीच रूपं मानणारे’ लिहा. विक्काला मात्र यातलं काहीच नीट बसत नाही. तिथे अनेकांच्या मते सगळ्या देवी मिळून एक देवी आणि सगळे देव मिळून एक देव, म्हणजे शेवटी जोडपं उरतं. ‘युगुलदैवत’ कसं वाटतं?

मनातलं मानणाऱ्यांसाठी समीक्षेतला ‘आदिबंध’ (आर्किटाइप, माणसांच्या मनात खोल रुजलेली आदिम प्रतिमा) तयार आहे. आइसलंडचा आसात्रू हा नॉर्स देवांना मानणारा पंथ १९७२मध्ये स्थापन झाला. त्याचे आताचे प्रमुख हिल्मार अर्न हिल्मारसन म्हणाले होते की आठ पायांच्या घोड्यावर बसून फिरणारा एकाक्ष माणूस (म्हणजे ओडिन) कुणी खरा मानत असेल असं त्यांना वाटत नाही. त्या कथा ते काव्यातली रूपकं म्हणून घेतात. पंथाचा प्रमुखच असं म्हणतो, हे मला फार आवडतं. वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्कानंही आपल्या निरुक्तात हाच प्रश्न घेतला आहे : देवता माणसासारख्या की तशा नाहीत? दोन्ही मतं देऊन तो पुढे सरकतो.

प्रतिसाद ४
तुम्ही सगळे नामाच्या मागे लागलात, चूक क्रियापदात होईल. ‘थॉरवर विश्वास ठेवतात’ असं लिहू नका. डेन्मार्कमधल्या एका पंथाचं नावच ‘फॉर्न सिध्र’ आहे, म्हणजे जुनी रीत. श्रद्धेचा उल्लेखही नाही. आमच्या घरी खंडोबाचं असतं. माझे काका पक्के नास्तिक, पण चंपाषष्ठीला तळी उचलायला पुढे. ‘काका खंडोबावर विश्वास ठेवतात’ हे वाक्य खोटं; ‘काका खंडोबाचं करतात’ हे खरं. अनेक पेगनांचं असंच आहे. ‘मानतात’ किंवा ‘त्याचं करतात’ लिहा.

विचारणारीकडून
‘युगुलदैवत’वर राधाकृष्णांचा हक्क आहे, त्यामुळे ‘देव आणि देवी’ असंच ठेवते. ‘आदिबंध’ घेतला. ‘विश्वास’ सतरा ठिकाणी होता, चौदा ठिकाणी काढला. उरलेल्या तिघांना खरोखरच विश्वास आहे. आणि हो, पहिल्या खर्ड्यात ‘थोर’ लिहिलं होतं. ‘थोर देवांचा बाप ओडिन’ वाचून आई म्हणाली, मग लहान देवांचा बाप कोण?