शाखांचे सर्व्हर ब्राउझरमधल्या कन्सोलवरून सांभाळावेत का?

खाडीकाठ:
दापोली ते सावंतवाडी पसरलेल्या एखाद्या पतसंस्थेच्या ४० शाखा धरा. प्रत्येक शाखेत एक लिनक्स सर्व्हर. बऱ्याच ठिकाणी लाइन मोबाइल डेटाची, त्यामुळे बाहेरून गाठता येईल असा आयपी नाही. म्हणून सर्व्हर स्वतःच ऑटोएसएसएचने (एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरायचं कनेक्शन, तुटलं की पुन्हा जोडणारा प्रोग्रॅम) रत्नागिरीच्या मुख्यालयाकडे उलटा टनेल टाकतो, त्याच वाटेने मुख्यालयातून शाखेत शिरता येतं. आत शिरायच्या एसएसएच किल्ल्या (पासवर्डऐवजी वापरायच्या फाइली) पाच जणांच्या लॅपटॉपवर. एक जण सोडून गेला की ४० ठिकाणची किल्ल्यांची यादी साफ करत बसायचं.

माझं मत: मुख्यालयात ॲपाचे ग्वाकामोली (ब्राउझरमधूनच सर्व्हरवर शिरू देणारा कन्सोल) बसवा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि लॅपटॉपवरून थेट एसएसएच बंद करा. नवा माणूस आला की एक खातं उघडायचं, गेला की तेच बंद करायचं. कोण कधी कुठे शिरलं, याची नोंदही आपोआप राहते.

जांभा:
साफ विरोध. ग्वाकामोली आपल्या वापरकर्त्यांचे पासवर्ड हॅश करून (उलगडता न येणाऱ्या रूपात) ठेवतं, पण कनेक्शनमध्ये भरलेली खाजगी किल्ली डेटाबेसमध्ये जशीच्या तशी पडते. म्हणजे त्या डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप ज्याच्या हाती लागला, त्याला ४० शाखा मोकळ्या. आज पाच लॅपटॉप सांभाळायचे आहेत, उद्या एकच पेटी. पण ती फुटली की सगळंच गेलं.

शिवाय रोजचा त्रास वेगळाच. शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या पडद्यावर) एक शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू दाबायची सवय असते, ब्राउझर त्याच कळांवर टॅब बंद करतो. अपग्रेड अर्धवट असताना हे झालं तर? निदान टीमक्सशिवाय (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) कोणाला आत सोडू नका.

खाडीकाठ:
किल्लीला पासफ्रेज (किल्लीच उघडायचा पासवर्ड) लावून ठेवा आणि कनेक्शनमध्ये पासफ्रेजचा रकाना रिकामा सोडा. जोडताना टर्मिनलवरच विचारलं जातं. मग बॅकअप चोरीला गेला तरी चोराच्या हाती कुलूपबंद किल्लीच लागेल. टीमक्सचं म्हणणं मान्य.

सड्यावरचा:
कन्सोल की लॅपटॉप यावर भांडताय, पण आधी पडतो तो टनेल. पावसात लाइन गेली की शाखेकडची बाजू मरते, मुख्यालयाच्या एसएसएचडीला (एसएसएच कनेक्शन घेणाऱ्या प्रोग्रॅमला) मात्र ते कळत नाही. जुनं सत्र त्या शाखेचं पोर्ट (मुख्यालयातला तिच्या दाराचा क्रमांक) धरून बसतं. शाखा परत आली की तिला तेच पोर्ट मिळत नाही. एसएसएच तरीही जोडलेलं राहतं, फक्त फॉरवर्डिंग (त्या पोर्टवरून शाखेत नेणारी वाट) नसतं. बाहेरून सगळं चालू, आत जायला वाट नाही. दोन्हीकडे इलाज हवा: मुख्यालयात क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल ३० (दर ३० सेकंदांनी पलीकडे कोणी आहे का विचारायचं) आणि काउंट-मॅक्स ३ (तीनदा उत्तर नाही तर तोडायचं), म्हणजे साधारण दीड मिनिटात मेलेलं सत्र सुटतं, शाखेत एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर चालू, म्हणजे फॉरवर्डिंग जमलं नाही तर एसएसएच बाहेर पडतं आणि ऑटोएसएसएच पुन्हा प्रयत्न करतं.

दुसरी गंमत वीज आल्यावरची. एकाच फीडरवरच्या शाखा एकदम उठतात आणि एकदम जोडायला येतात. एसएसएचडीची मॅक्स-स्टार्टअप्स मर्यादा मुळात १०:३०:१०० असते. लॉगिन पूर्ण न झालेली १० कनेक्शनं झाली की नव्यांतली ३० टक्के नाकारायला सुरुवात होते, आणि १०० ला दार पूर्ण बंद. लोक लाइनला शिव्या घालतात, दोष असतो सेटिंगमधल्या या ओळीचा. माझं ऐकाल तर उलटे टनेल सोडा, वायरगार्ड (शाखा आणि मुख्यालय जोडणारं खाजगी नेटवर्क, व्हीपीएन) लावा. शाखेकडे पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा संदेश) २५ सेकंद, पोर्टची भानगडच नाही.

जांभा:
वायरगार्डला माझा पूर्ण पाठिंबा. आणि ते लावलंत की ब्राउझरची गरज आणखी कमी होते. प्रत्येक सर्व्हरवर फक्त प्रमाणपत्र देणाऱ्या किल्लीची सार्वजनिक बाजू ठेवा आणि माणसाला रोज सकाळी ८ तासांचं एसएसएच प्रमाणपत्र द्या. सोडून गेला तर दुसऱ्या दिवशीपासून ते देणं बंद, ४० ठिकाणी काही पुसायचं नाही. मधला टप्पा प्रॉक्सीजंपने (एका सर्व्हरमधून पुढच्यावर जायची एसएसएचची सोय).

दर्यावर्दी:
कागदावर छान. पण प्रमाणपत्राची मुदत सर्व्हर आपल्या घड्याळाने तपासतो. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सर्व्हर उठतो, वेळ जुळण्याआधी तुमचं प्रमाणपत्र येतं, आणि लॉगमध्ये दिसतं की ते अजून लागूच झालेलं नाही. वेळ थेट इंटरनेटवरून जुळवा, त्यासाठी वायरगार्डवर विसंबू नका, कारण घड्याळ मागे गेलं तर तेही जोडलं जात नाही. आणि तिजोरीत ठेवलेल्या एका साध्या किल्लीची सार्वजनिक बाजू प्रत्येक सर्व्हरवर राहू द्या.

लेखापरीक्षकाला दाखवायला ग्वाकामोलीची नोंद मात्र उपयोगी, हे मान्य करा. टर्मिनलचा मजकूर टाइपस्क्रिप्ट म्हणून साठतो आणि पुन्हा चालवून बघता येतो. त्यात पडद्यावर उमटलेलंच येतं, पासवर्ड येत नाही. कळा नोंदवायचा वेगळा पर्याय आहे, तो चालू केलात तर पासवर्डही फाइलमध्ये जातील. तो बंदच ठेवा.

मालवणी रूट:
गजाली पुरे. ४० सर्व्हरवर हाताने टाइप करायचंच कशाला? टीमक्समध्ये सगळे पेन (पडद्याचे कप्पे) जोडून एकदम टाइप करणारे बघवत नाहीत. एक चुकीची ओळ आणि ४० शाखांचा व्यवहार बंद. ॲन्सिबल (एकच काम अनेक सर्व्हरवर आपोआप करणारं साधन) वापरा, सिरियल (एका वेळी किती सर्व्हर) आधी १, मग ५. एसएसएचडीची फाइल बदलली की रीलोडआधी तिची चाचणी घ्या, आणि फायरवॉलला हात लावण्याआधी ५ मिनिटांनी जुने नियम परत आणणारं काम लावून ठेवा. नवे नियम चालले तर ते काम रद्द करायचं.

खाडीकाठ:
ॲन्सिबल नेहमीच्या कामाला, कबूल. पण रात्री गुहागरच्या शाखेतली डिस्क भरली तर प्लेबुक (ॲन्सिबलला द्यायची कामांची यादी) कोण लिहीत बसणार? आत जाऊन बघायलाच लागतं, आणि तेव्हा हातात ऑफिसचा लॅपटॉप असेलच असं नाही. ते दार मला ब्राउझरमध्येच हवं.

जांभा:
ठेवा, पण फक्त वायरगार्डच्या आत, उघड्या इंटरनेटवर नाही. एनजिनएक्समागे (पुढे उभा राहून विनंत्या आत पाठवणारा वेब सर्व्हर) बसवताना ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ नावाचे हेडर (विनंतीसोबतच्या सूचना) पुढे पाठवा, बफरिंग (उत्तर साठवून मग पाठवणं) बंद करा. हेडर विसरलात तर वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) जुळत नाही, ग्वाकामोली गुपचूप साध्या एचटीटीपीवर उतरतं, आणि प्रत्येक अक्षर अडखळत उमटतं. प्रमाणपत्रांचा आग्रह मी सोडलेला नाही.