इनर्शिया, व्हीट वगैरे: सगळ्या पीएचपीची की एकट्या लाराव्हेलची?

अर्धविराम
पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कवर तीन वर्षं काढल्यावर आता सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कचा प्रोजेक्ट गळ्यात पडलाय. स्क्रीन व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये हव्यात, वेगळी एपीआय लिहायला वेळ नाही, म्हणजे इनर्शिया, सर्व्हरकडचा डेटा थेट व्ह्यूच्या पानात पोचवणारा दुवा. ब्राउझरकडचं पॅकेज जसंच्या तसं चालतं. सर्व्हरकडे मात्र पीएचपीत अधिकृत अडॅप्टर (फ्रेमवर्कला इनर्शियाशी जोडणारा कोड) एकट्या लाराव्हेलचा, बाकीच्यांसाठी कुणी ना कुणी हौसेने लिहिलेले. त्यातला एक बसवला. पहिलं पान उमटलं, पेढे वाटायचेच बाकी होते. मग प्रोफाइलचा फॉर्म पुट या एचटीटीपी मेथडने पाठवला आणि समोर ४०५, म्हणजे 'ही मेथड इथे चालत नाही'.

अख्खी दुपार गेली. सेव्ह झाल्यावर मी ३०२ने रीडायरेक्ट करत होतो. पोस्टनंतर ३०२ आला की ब्राउझर पुढची रिक्वेस्ट गेटने करतो, पण पुट असेल तर पुटच पुढे रेटतो. तिथे ३०३ लागतो, म्हणजे 'पुढे गेटनेच जा'. लाराव्हेलचा मिडलवेअर (रिक्वेस्ट-रिस्पॉन्सच्या वाटेत बसणारा कोड) हा बदल गुपचूप करून देतो, म्हणून तीन वर्षांत मला पत्ताच नव्हता.

माझं म्हणणं असं की कुठल्याही बॅकएंडला चालणाऱ्या पॅकेजने एकाच घरच्या सवयी गृहीत धरू नयेत. त्यात लाराव्हेलचा रिक्वेस्ट-रिस्पॉन्स सिम्फनीच्याच एचटीटीपी-फाउंडेशन लायब्ररीवर उभा आहे. सख्खे शेजारी, तरी ही तऱ्हा!

जुनाजाणता
यात पॅकेजचा काय दोष? इनर्शियाचा प्रोटोकॉल एवढासा आहे. एक्स-इनर्शिया हेडर आला तर जेसन द्या: कंपोनंट, प्रॉप्स, यूआरएल, व्हर्जन. नाही आला तर पूर्ण एचटीएमएल. असेट्सचं (जेएस-सीएसएस फाइलींचं) व्हर्जन जुळलं नाही तर ४०९, म्हणजे पान पूर्ण लोड करा. ३०३चा मुद्दा डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलाय. वाचायचं नाही आणि वर दुपार गेली म्हणायचं!

रविवारची_शिफ्ट
प्रोटोकॉल एवढासा, पण त्रास होतो तो त्यात न लिहिलेल्या गोष्टींचा. सीएसआरएफ घ्या, म्हणजे परक्या साइटवरून आलेले खोटे फॉर्म अडवायची टोकनची सोय. लाराव्हेल एक्सएसआरएफ-टोकन नावाची कुकी ठेवतं, ब्राउझरकडचं पॅकेज ती उचलून हेडरमध्ये घालतं, आपल्याला काही करावं लागत नाही. सिम्फनीत टोकन सहसा फॉर्मच्या हिडन फील्डमध्ये. आता व्हॅलिडेशन. लाराव्हेल चुका सेशनमध्ये टाकून मागच्या पानावर पाठवतं आणि व्ह्यूला त्या फील्डच्या नावानिशी सपाट मिळतात. सिम्फनीच्या फॉर्ममधल्या चुका फांद्याफांद्यांवर लटकलेल्या. त्या सपाट करणारं फंक्शन मी दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा, पहिलं सापडेना म्हणून.

जुनाजाणता
मग सिम्फनीत राहून इनर्शियाचा हट्ट कशाला? सिम्फनीचं स्वतःचं फ्रंटएंड, सिम्फनी यूएक्स, २०२०पासून आहे, स्टिम्युलस आणि टर्बो या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांवर चालतं. रूटची नावं जावास्क्रिप्टमध्ये हवीत तर लाराव्हेलवाल्यांची झिग्गी शोधू नका, एफओएसचं जेएस राउटिंग बंडल घ्या. कोकणात उतरायचं आणि हुरडा मिळत नाही म्हणून रुसायचं, असं झालं हे.

तिसरा_घोट
तुम्ही दोघं निदान श्रीमंताघरचे. मी कोडइग्नायटर ४ या हलक्या पीएचपी फ्रेमवर्कवर. व्हीट हे फ्रंटएंडच्या फाइली बांधून देणारं साधन; त्याची मॅनिफेस्ट फाइल (बांधलेल्या फाइलींची यादी) वाचून स्क्रिप्टचे टॅग छापणारा हेल्पर हातानेच लिहिला होता. २०२३च्या शेवटी व्हीट ५ आलं आणि मॅनिफेस्टचा मुक्काम डीफॉल्टने '.व्हीट' फोल्डरमध्ये हलला. अपग्रेडनंतर पान पांढरंफटक. लाराव्हेलचं प्लगइन मॅनिफेस्टची जागा स्वतःच ठरवतं, त्यामुळे त्यांना झळ लागली नाही. (फ्रेंच उच्चार 'वीट' असा आहे म्हणे. मला तेव्हा तोच आला होता.)

पण अर्धविराम, सगळ्यांना एकच सामाईक साचा हाही मार्ग वाटत नाही मला. पीएसआर म्हणजे पीएचपी फ्रेमवर्कवाल्यांनी मिळून ठरवलेली मानकं: पीएसआर-७ २०१५चं, पीएसआर-१५ २०१८चं. मिडलवेअर एकदा लिहा, कुठेही चालवा, असा बेत होता. लाराव्हेल आणि सिम्फनी दोघांचीही रीत वेगळीच राहिली.

अर्धविराम
जुनाजाणता, वाचलं नव्हतं हे कबूल. हुरड्याचं मात्र पटलं नाही. फ्रंटएंडची माणसं व्ह्यूची आहेत, त्यांना स्टिम्युलस शिकवत बसू तर डेडलाइन गेलीच. आणि अडॅप्टर लिहिणाऱ्याने ३०३ घातला असता तर त्याचं काय जात होतं?

तूर्तास रिस्पॉन्सवर एक लिसनर लावलाय. इनर्शियाची रिक्वेस्ट, मेथड पुट, पॅच किंवा डिलीट, आणि उत्तर ३०२ असेल तर ३०३ करतो. फॉर्म सेव्ह होतोय. आता अडलंय ते चुकांवर. रविवारची_शिफ्ट, ते सपाट करणारं फंक्शन, पहिलं किंवा दुसरं, सापडलं तर इथे टाका ना.