रँच, स्टेशन, एस्टान्सिया... नक्की फरक काय?

दावणवाला:
मंडळी एक शंका. आमच्याकडे गुरं म्हणजे गोठा, दावणीला चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, विषय संपला. पण सध्या यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले हेलिकॉप्टरनं गुरं हाकायचे व्हिडिओ बघतोय, तिकडं त्याला कॅटल स्टेशन म्हणतात, अमेरिकेत रँच, अर्जेंटिनात एस्टान्सिया. नुसतं नाव वेगळं का कामच वेगळं? आणि हेलिकॉप्टर परवडतं कसं राव??

ॲडलेडकर:
काम बऱ्यापैकी वेगळं आहे. आधी आकार बघा, इथलं ॲना क्रीक स्टेशन 23,677 चौरस किमी, आणि आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, म्हणजे नगर, 17,048. एवढी जमीन विकत कोण घेणार, बहुतेक सरकारकडून लीजवर असते. पाऊस इतका कमी की चौरस किलोमीटरला एक जनावर पण धड पोसत नाही, मग ती शोधायलाच हेलिकॉप्टर लागतं, घोड्यावर आठवडे जातील. वर्षातून एक-दोनदा मस्टरिंग, म्हणजे सगळी गोळा करून यार्डात आणायची, वासरांना डागायचं, खच्ची करायचं, विकायची ती रोड ट्रेनमध्ये, म्हणजे मागं दोन-तीन ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकमध्ये. दूध वगैरे विसरा, सगळं मांसासाठी. उन्हाळ्यात काही जण तर हाकतही नाहीत, बोअरच्या पाण्याभोवती कुंपण करून आत जाता येईल पण बाहेर येता येणार नाही असं फाटक लावतात, तहानेनं गुरं आपसूक येतात. नवशिक्या पोरगा जॅकरू, पोरगी जिलरू, मुरलेला गडी रिंगर.

नेवाडा_रिटर्न:
रँचचं एकच चित्र नाहीये. टेक्सासात जमीन मालकीची, किंग रँच 1853 पासून आहे, 8,25,000 एकर. पण नेवाडा-वायोमिंगकडं रँचवाल्याची स्वतःची जमीन थोडी आणि चराई सरकारी रानात, परमिटवर. एक गाय आणि तिचं वासरू, महिनाभर चरायचे 1.35 डॉलर, 2019 ते 2025 हाच दर होता. आपल्याकडं तेवढ्यात दोन दिवसांचा कडबा येत नाही! वासरं मोठी झाली की फीडलॉटला जातात, तिथं मका खाऊन वजन वाढवायचं. तो फीडलॉट म्हणजे रँच नव्हे, लोक सर्रास घोळ करतात.

कृष्णाकाठ:
त्या किंग रँचवाल्यांनी शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण (Brahman) या गुरांच्या जातींचा संकर करून सांता गर्ट्रुडिस ही नवी जात काढली, 1940 ला मान्यता मिळाली. आणि ब्राह्मण म्हणजे मूळ आपलीच गुरं, गीर, कांकरेज, ओंगोल आणि आमच्या सांगली-मिरजेकडची कृष्णा खोरी. उष्णता आणि गोचीड दोन्ही सोसतात ना. ब्राझीलची नेलोर पण ओंगोलच.

दावणवाला:
भारीच की! मग ब्राझीलमध्ये काय म्हणतात? आणि डाग असताना कानाला टॅग कशाला?

नेवाडा_रिटर्न:
फझेंडा, पण ती कॉफीचीही असते, कुठलीही मोठी शेती. अर्जेंटिनाची एस्टान्सिया गुरा-मेंढरांची, गडी गाऊचो. व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ सपाटीत हातो म्हणतात, तिथं गडी यानेरो, पावसाळ्यात अर्धं रान पाण्याखाली असतं, गुरं उंचवट्यावर न्यावी लागतात.

ॲडलेडकर:
डाग मालक कोण ते सांगतो, टॅग जनावर कुठलं ते. इथं इलेक्ट्रॉनिक टॅग सक्तीचा आहे, रोग निघाला तर ते जनावर कुठून कुठं गेलं लगेच काढता येतं.