मदत हवी आहे: चांदीच्या नॅनोकणांवर थायरमचा सिग्नल टिकत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी द्राक्षाच्या सालीवरचं थायरम हे बुरशीनाशक रमण स्पेक्ट्रोस्कोपीने (लेझर पाडून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायची पद्धत) ओळखायचा प्रयत्न करतेय. नुसत्या रमणमध्ये इतक्या कमी थायरमचा मागमूसही लागत नाही, म्हणून सिग्नल वाढवणारे चांदीचे नॅनोकण बनवायला १९८२ ची ली-मायझेल पद्धत धरली: उकळत्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडियम सायट्रेट. द्रावण पिवळट-राखाडी झालं की मन हरखून जातं!

अडचण पुढे आहे. कण जवळ यावेत आणि त्यांच्यामधल्या फटींत प्रकाशाचं विद्युतक्षेत्र वाढून सिग्नल वाढावा म्हणून मीठ घालते. पहिल्या मिनिटाला १३८० तरंगांकाजवळचं (प्रति सेंटिमीटर, म्हणजे रमण आलेखाच्या आडव्या अक्षावरचं एकक) थायरमचं शिखर ठसठशीत दिसतं. पाच मिनिटांत ते खचतं आणि कुपीच्या तळाशी काळा गाळ बसतो. त्याच कुपीतला दुसरा थेंब घेतला तरी उंची वेगळीच. थेंब काचेवर वाळवूनही पाहिला, पण सगळे कण कडेला वर्तुळात गोळा होतात.

मीठ किती घालावं आणि मोजणी नेमकी कधी करावी? माझा लेझर ७८५ नॅनोमीटरचा आहे. त्याला सोन्याचे कण जास्त भरवशाचे ठरतील का? ज्यांनी हे स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा. द्राक्षाचा हंगाम संपायच्या आत मोजण्या उरकायच्या आहेत.