चुलीतल्या शेणीचा वास आणि मंगोलियातली एक संध्याकाळ: तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
परवा मामेभावाकडे कागलला गेले होते. पहाटे वहिनीने पाणी तापवायला चुलीत शेणी सारली, धूर डोळ्यांत गेला आणि मी थेट जुलै २०२३ मध्ये, मंगोलियातल्या अरखंगाई प्रांतात जाऊन पोचले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आम्ही नऊ बाइक, सगळ्या हिमालयन ४११. पुढे गाइड मुलगी, मागे मेकॅनिक, सगळ्यात शेवटी फुर्गॉन (ती राखाडी रशियन डबागाडी). तीत सामान, स्वयंपाकीण आणि पाठ धरली म्हणून माझा नवरा. राजधानी उलानबातरहून खारखोरीनपर्यंत साडेतीनशे कि.मी. डांबरी. मग ओर्खोन नदीच्या खोऱ्यात शिरलो आणि रस्ता म्हणावा असं काही उरलंच नाही. गवतावर दहा-बारा चाकोऱ्या शेजारी शेजारी. एक चिखलाने बसली की मागून येणारा दुसरी पाडतो. कुठली धरायची हे गाइडला कळतं, आपल्याला नाही.

त्सेनखेरच्या गरम झऱ्यांकडे जाताना एक नदी लागली. गाइड आधी स्वतः गुडघाभर पाण्यात चालून आली आणि कुठून यायचं ते हाताने दाखवलं. मी मधोमध एका गोट्यावर घसरले, गाडी आडवी, इंजिनात पाणी. मेकॅनिकने काठावर प्लग काढला, सेल्फ मारला आणि आतून पाण्याची पिचकारी उडाली. तीन-चारदा तसंच केलं. तोवर आभाळ फाटलं, गारांसकट. मी चिंब, दात वाजतायत.

टेकडीखाली एक गेर दिसलं (म्हणजे गोल तंबूघर; यर्ट हा मुळात तुर्की भाषांतला, रशियनमार्गे पसरलेला शब्द, तिथले लोक गेरच म्हणतात). गाइड लांबूनच ओरडली, "नोखोय खोर!" म्हणजे "कुत्रा धरा". तिकडे दाराशी जाऊन हाक मारायची ही पद्धत. दार ठोठावत नाहीत. एक आजी बाहेर आल्या. कोण, कुठले, काही विचारलं नाही. मला चुलीजवळ बसवलं, माझे बूट ओढून काढले, मोजे पिळून भिंतीच्या लाकडी जाळीवर अडकवले. टोपलीतून वाळलेलं शेण हाताने उचलून चुलीत टाकत होत्या. कढईतला दूध-चहा पळीने वर उचलायचा, परत ओतायचा, किती वेळ ते चाललं होतं. मीठ घातलेला चहा. मी पाच वाट्या प्यायले.

निघताना पैसे पुढे केले तर त्यांनी माझा हात मिटवून परत माझ्याच छातीला लावला. तो हात अजून आठवतो.

तुम्ही कोणी असे गाइडबरोबर बाइकवर माळरानात, फिरत्या लोकांत गेला असाल तर लिहा. मंगोलियाच हवा असं नाही.

शेवंता_आजी
छातीला हात लावला ते वाचून डोळे भरले गं. शेणाला तिकडे काय म्हणतात? थापतात का आपल्यासारखं? माझ्या सासूबाई कोंडा मिसळून थापायच्या, पावसाळ्याआधी हुडवा (शेण्यांचा ढीग) रचायच्या. मला कधी नीट जमला नाही, दरवर्षी कलायचा.

रानजाई
आजी, 'अरगल' म्हणतात. थापत नाहीत. माळावर आपोआप वाळलेलं पाठीवरच्या टोपलीत गोळा करतात. झाडं नाहीतच ना त्या माळांवर. आणि चुलीला फार मान, तिच्याकडे पाय करून बसायचं नाही.

डबलसीट
नदीत पडल्यावर लागलं नाही ना? मुख्य ते लिहिलंच नाही.

रानजाई
घोटा सुजला होता, बाकी काही नाही. नवऱ्याने फुर्गॉनमधून उडी मारून मला ओढलं. त्याची पाठ पुन्हा धरली, ते वेगळं दुःख.

डबलसीट
अरेरे. पाठीला निर्गुंडीचा शेक द्या, आमच्याकडे खूप फरक पडला.

सोंगकुलकर
मी किर्गिझस्तान, २०२२. सोंग-कुल तलाव, ३०१६ मीटर. मेंढपाळ तिथे फक्त जून ते सप्टेंबर असतात, मग खाली उतरतात. तिथेही शेणच जाळतात. आम्ही सहा जण आणि गाइड. घाट चढताना ऊन, वर पोचलो तर बर्फाचा भुगा पडत होता, जुलैमध्ये! हातमोजे ओले, क्लच दाबायला बोटं वळेनात.

त्यांच्या तंबूच्या छताला मध्ये गोल लाकडी चक्र असतं, तुंडुक. रात्री आडवा पडून मी त्यातून तारे बघत होतो. सकाळी त्या घरच्या मुलाने त्यांचा झेंडा दाखवला, मधोमध तेच तुंडुक. घराचं छप्पर देशाच्या झेंड्यावर. मला ते फार म्हणजे फार आवडलं.

घासफूस
शाकाहारी लोकांनी काय करायचं तिकडे? प्रामाणिक प्रश्न आहे, बहीण मागे लागलीय.

रानजाई
आधी सांगितलं तर स्वयंपाकीण बटाटा, कोबी, गाजर, भात करते. मी मेतकूट आणि थेपले नेले होते, मेतकूट तिला इतकं आवडलं की डबाच देऊन आले. पण घरोघरी जे येतं ते मटण आणि दूध. आरुल (वाळवलेला दह्याचा चक्का, दगडासारखा) चालत असेल तर तोच गालात धरून ठेवायचा. ऐराग म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध, आंबट आणि किंचित चढणारं. वाडगा दिला तर उजव्या हाताने घ्यायचा, ओठ तरी लावायचे, सरळ नाही म्हणायचं नाही. बहिणीला नक्की पाठवा.

घासफूस
गालात धरायचं हे भारी. धन्यवाद ताई. थेपले किती दिवस टिकले?

रानजाई
नऊ. तेल जरा जास्त घातलं होतं.

अंगारकी
मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोबीकडे गेलो होतो. एक गोष्ट सांगतो, घाईत आहे, लोकलमध्ये उभा आहे.

रात्री गाइड आकाशात बोट दाखवून म्हणाला, बरखसबाद. मी म्हटलं काय? मग शेजारचा, सांचिर. गुरू आणि शनी होते हो ते! बृहस्पती आणि शनैश्चर. मग मी एकेक विचारत गेलो. बुध म्हणजे बुद, शुक्र म्हणजे सुगर, मंगळ म्हणजे अंगरग. अंगारक! त्या अंधारात मी त्याला अंगारकी चतुर्थी समजावून सांगत बसलो. बौद्ध धर्माबरोबर हे शब्द इतक्या लांब गेले आणि गुरं राखणाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. झऱ्याच्या औषधी पाण्याला रशान म्हणतात, तेही आपलं रसायन.

लेहच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते कुशोक बकुला रिनपोचे १९९० ते २००० भारताचे राजदूत होते तिथे. त्यांनी उलानबातरमध्ये मठही उभा केला, १९९९ मध्ये. भारतातून आलो म्हटलं की म्हातारे लोक त्यांचं नाव काढतात. दादर आलं, उतरतो.

गुरगुर
मंगोलिया नाही, लडाखमधलं चांगथांग पठार. लेहहून हानले, गाइड चांगपा (तिथले फिरते पशुपालक) घरातलाच. करझोकच्या पुढे माझा मागचा टायर पंक्चर, ट्यूबवाला. वारा इतका की लिव्हर हातातून निसटत होता. त्याने मला याकच्या केसांच्या तंबूत (रेबो) नेऊन बसवलं आणि ट्यूब स्वतः बदलून आला. त्याच्या मावशीचा तंबू. पश्मिना शेळ्या आल्या तेव्हा ती प्रत्येकीला नावाने हाक मारत होती. पोरं लेहला शाळेत, तंबूत फक्त म्हातारी माणसं. गाइड म्हणाला, पुढच्या वर्षी मावशीही खाली येणार, शेळ्या विकून. मला काय बोलावं सुचेना.

खांदा_निखळलेला
माझा अनुभव वेगळा आहे. पहिल्याच दिवशी, उलानबातरपासून ८० कि.मी. वर, मुंगसाएवढ्या कसल्या तरी जनावराच्या बिळात पुढचं चाक गेलं. हासळीचं हाड मोडलं. ज्या कंपनीतर्फे गेलो होतो तिने प्रथमोपचाराची पेटी आहे सांगितलं होतं, त्यात निघाली एक पट्टी आणि मुदत संपलेलं मलम. मला खूप राग आला होता, अजून आहे. वाट दाखवणारा म्हणजेच गाइड नव्हे. सॅटेलाइट फोन आहे का, गाडीत डॉक्टरी सामान काय आहे, विम्यात बाइक चालवणं धरलंय का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. हात जोडून सांगतो.

पण शेजारच्या गेरमधल्या माणसाने स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडून माझा हात गळ्यात बांधला. रेशमी, केशरी, भलता लांब. परत द्यायला गेलो तर घेईना. घरी आहे.

शेवंता_आजी
पट्टा जपून ठेवा हो. खांदा आता कसा आहे?

खांदा_निखळलेला
बरा आहे आजी. थंडीत ठणकतो.

मेंढका
मी बाइकवर कुठे गेलो नाही. पण वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही फलटणकडचे धनगर. आजोबांचा वाडा (म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं मिळून अख्खा तांडा) दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा, पावसाच्या आधी वर. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि दोन दिवसांची कोकरं. भात कापलेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि धान्य आम्हाला. वाघर (जाळीचं कुंपण) लावून आत मेंढरं, बाहेर कुत्री. आईने मला अशाच एका शेतात जन्म दिला.

रानजाई ताई, तुमची आजी पैसे घेत नव्हती ते मला समजतं. माझी आजी ताक मागणाऱ्याला कधी मोकळं पाठवत नसे, आमच्याकडे प्यायला पाणी लांबून आणावं लागायचं तरी. तिकडे गुरं मरतात का हो थंडीत?

रानजाई
हो दादा. झुद म्हणतात त्याला. उन्हाळा कोरडा, मग हिवाळ्यात बर्फ घट्ट जमतं आणि जनावरांना खालचं गवत उकरता येत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात ८० लाखांवर जनावरं गेली. आजींचा थोरला मुलगा सगळं गेल्यावर उलानबातरला गेला, आता ट्रक चालवतो. देशातली जवळपास निम्मी माणसं त्या एका शहरात आहेत.

मेंढका
आमचा चुलता पण टेम्पोच चालवतो. मेंढरं विकून घेतला.

डबलसीट
दादा, वाडा अजून उतरतो का कोकणात?

मेंढका
भाऊ नेतो. आता २०० मेंढरं आहेत. सध्या पोलादपूरच्या पुढे.

रानजाई
आम्ही पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याने खेडला जाणार आहोत, बाइकवरच. भेटता येईल का त्यांना? काय आणू?

मेंढका
या की. काही आणू नका, आणायचंच तर चहापत्ती आणा. भावाचा फोन रानात लागत नाही, फाट्यावर कुणालाही विचारा. आणि लांबूनच हाक मारा ताई. कुत्री तीन आहेत.