वॉशिंग्टनमधील गाठीभेटींनी लहान राष्ट्र वाचते का? कतारच्या निमित्ताने

तापीकाठ, जळगाव

परवा जळगावात काही मंडळी बोलत बसलो असताना एका ज्येष्ठ स्नेह्यांनी असे मत मांडले की, शेजाऱ्यांशी बिनसले म्हणून जे लहान राष्ट्र महासत्तेच्या राजधानीत पैसे मोजून मध्यस्थ नेमते, ते आपले सार्वभौमत्व गहाण ठेवते. मला हे मत मुळीच मान्य नाही.

5 जून 2017 रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. सौदीने कतारची जमिनीवरील एकमेव सीमा बंद केली, आणि पुढे कतारची अल जझीरा वृत्तवाहिनी बंद करण्यापासून तुर्की लष्करी तळ हटवण्यापर्यंत 13 मागण्या समोर ठेवण्यात आल्या. संबंध तोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवरून या बहिष्काराची जाहीर पाठराखण केली. जेमतेम तीन लाख मूळ नागरिकांच्या देशाने अशा वेळी काय करावे? कतारने एवढे ओळखले की वॉशिंग्टन म्हणजे एकटे राष्ट्राध्यक्ष नव्हेत. 9 जूनला परराष्ट्रमंत्री टिलरसन यांनी नाकेबंदी सैल करण्याचे आवाहन केले आणि त्याच दिवशी थोड्या वेळाने ट्रम्प यांनी कतारवर दहशतवादाला पैसा पुरवल्याचा आरोप केला. सरकारमधली ही फट कतारच्या मुत्सद्द्यांनी बरोबर हेरली. अमेरिकी संरक्षण खात्याला कतारमधील अल उदैद हवाई तळाची काळजी होती, कारण तेथे सुमारे दहा हजार अमेरिकी सैनिक होते. 14 जूनला त्याच खात्याबरोबर एफ-15 विमानांच्या सुमारे 12 अब्ज डॉलरच्या खरेदीवर सह्या झाल्या. जुलैत टिलरसन कतारच्या राजधानीत, दोह्याला आले, तेव्हा दहशतवादाचा अर्थपुरवठा रोखण्याचा सामंजस्य करार झाला. याच काळात कतारने अनेक लॉबिंग कंपन्या, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी बाजू मांडणारे मध्यस्थ, नेमल्या. अशा कंपन्यांना 1938 च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेच्या न्याय खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे याला लपूनछपून केलेला व्यवहार म्हणता येत नाही. एप्रिल 2018 मध्ये तेच ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये कतारचे राज्यप्रमुख अमीर तमीम यांचे स्वागत करत होते. सौदी आणि अमिराती यांचे लॉबिस्ट तेथे आधीपासून काम करत असताना कतारने गप्प राहावे असे म्हणणे म्हणजे, वादीने नामांकित वकील दिलेला असताना प्रतिवादीला कोर्टात नुसते हात जोडून उभे राहायला सांगणे होय.

केळीबाग, रावेर

तापीकाठ यांनी घटनाक्रम बरोबर दिला आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. माझा पुतण्या तेव्हा दोह्यात नोकरीला होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुकानांतील दुधाच्या मांडण्या रिकाम्या झाल्या आणि नंतर तुर्कस्तानातून विमानाने आलेले दूध तेथे दिसू लागले, हे त्याने फोनवर सांगितलेले मला आजही आठवते. आम्ही केळी पिकवणारी माणसे आहोत, त्यामुळे माल वेळेत पोहोचला नाही तर त्याचे काय होते ते आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दोह्याचा बराच माल पूर्वी दुबईच्या जेबेल अली बंदरातून पुढे जात असे. ती वाट बंद होताच न्हावा-शेवा आणि मुंद्रा येथून कतारच्या हमाद बंदराला थेट जहाजसेवा सुरू झाली. इराणने आपले आकाश खुले ठेवले, तुर्कस्तानच्या संसदेने 7 जूनलाच कतारला सैन्य पाठवण्यास मंजुरी दिली आणि कुवेतचे वृद्ध अमीर मध्यस्थीसाठी स्वतः धावपळ करत राहिले. देश तगला तो या आधारावर आणि स्वतःच्या वायूच्या पैशावर. ट्रम्प यांचे मत दहा महिन्यांत बदलले खरे, परंतु सीमा उघडण्यासाठी 5 जानेवारी 2021 च्या, या देशांत समेट घडवणाऱ्या अल-उला करारापर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे वाट पाहावी लागली. वॉशिंग्टनमधील खर्चाने नेमके काय साधले, हे मला कोणीतरी दाखवून द्यावे.

पांझरा, धुळे

उपयोग झाला की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. इराकने 2 ऑगस्ट 1990 रोजी कुवेत गिळंकृत केला, तेव्हा कुवेतची बाजू शंभर टक्के न्यायाची होती. तरीही त्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संघटनेने अमेरिकेतील एक बडी जनसंपर्क कंपनी नेमली, आणि 10 ऑक्टोबरला काँग्रेस सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढे पंधरा वर्षांच्या एका मुलीने इराकी सैनिकांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकल्याचे रडत सांगितले. ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती, हे जानेवारी 1992 मध्ये, युद्ध संपल्यावर, उघड झाले, आणि तिच्या कथनाला पुरावा मिळाला नाही. ज्यांची बाजू खरी होती त्यांनाही खोट्याचा आधार घ्यावासा वाटला, याचे मला फार वाईट वाटते. या धंद्यात सत्याला किंमत उरत नाही, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

सातपुडा, शहादा

यश मिळाले तरी ते महागात पडू शकते. तैवानने 1995 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 396 विरुद्ध 0 आणि सिनेटमध्ये 97 विरुद्ध 1 असा पाठिंबा मिळवून राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांच्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या भेटीचा व्हिसा पदरात पाडून घेतला. त्यानंतर तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने तैवानच्या आसपासच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली आणि मार्च 1996 मध्ये अमेरिकेला दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवावे लागले. आर्मेनियाच्या बाजूने तर अमेरिकेतील आर्मेनियन समाज अनेक दशके खंबीरपणे उभा आहे. त्याच्या बळावर 1992 मध्ये आर्मेनियाचा वैरी शेजारी अझरबैजान याला मिळणारी अमेरिकी मदत रोखणारे कलम कायद्यात आले, पण 2002 पासून राष्ट्राध्यक्ष त्याला सूट देऊ लागले, आणि 2023 मध्ये या दोन देशांतील वादग्रस्त प्रदेश नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना घरेदारे सोडावी लागली.

तापीकाठ, जळगाव

पांझरा यांचे म्हणणे मी मनापासून मान्य करतो. कुवेतने जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. केळीबाग यांना मात्र एवढेच सांगेन की, जून 2017 मध्ये कतारला महासत्तेकडून मदतीपेक्षाही एक गोष्ट अधिक हवी होती, ती म्हणजे तिने शेजाऱ्यांना पुढे जाण्याची मुभा देऊ नये. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बॉब कॉर्कर यांनी त्याच महिन्यात, वाद मिटण्याची वाट दिसेपर्यंत आखाती देशांच्या नव्या शस्त्रविक्रीला संमती देणार नाही असे कळवले. सौदी आणि अमिराती यांना हा अडसर जाणवला नसेल असे मी मानत नाही. दूध तुर्कस्तानातून आले, हे अगदी खरे आहे. परंतु फौजा सीमेवरून आत आल्या असत्या तर त्या दुधाचा काय उपयोग होता?

केळीबाग, रावेर

फौजा आल्या नाहीत, पण पुढे बॉम्ब आले. 2022 मध्ये अमेरिकेने कतारला नाटोबाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा दिला, तळ तर होताच, आणि तरीही 9 सप्टेंबर 2025 रोजी इस्रायलने दोह्यावर हवाई हल्ला केला.

तापीकाठ, जळगाव

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ट्रम्प यांनी कतारवरील सशस्त्र हल्ला हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका मानण्याचा आदेश काढला, हेही लिहायला हवे होते.

केळीबाग, रावेर

तो आदेश मी वाचला आहे. त्याला सिनेटने मान्यता दिलेली नाही, आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष तो एका सहीने रद्द करू शकतो.